मिठाचा खडा

चाळीस वर्षं या घरात अख्खा मासा करावा तर मीच. आणि ही परवा आलेली सून मला म्हणते, "आई, आज तुम्ही बसा, मी करते." बसले. तिनं खवले काढले, पोट साफ केलं, चिरा देऊन मसाला भरला, खोट काढायला जागा म्हणून ठेवली नाही. उद्यापासून या घरात मला विचारणार कोण? मासा मंद आचेवर ठेवून ती हात धुवायला वळली, तेवढ्यात मी झाकण उचलून चांगलं मूठभर मीठ टाकलं.

जेवायला बसल्यावर लेकानं पहिला घास घेतला. आता थुंकतो की काय, म्हणून मी टक लावून बघत होते.

"अगं, जमलं की तुला! अगदी आईच्या हातची चव."