धुळीसाठी पाणी

गाडी वेशीतून आत वळली तसे फटाके सुटले, आणि निलम्मानं चुलीवरचं पाणी बादलीत ओतून अंगणात ठेवलं. तिचे स्वतःचे केस अजून ओलेच होते.

पाण्याची सवय तिच्या हाताला कायमची लागलेली. लेक मातीला जाऊन आला की अंगणातच अंघोळ करायचा, आणि मातीला तर राजशेखरला रोजचंच जाणं होतं. सत्तेतल्या पुढाऱ्याला लोक लग्नाला बोलवायचे, घरभरणीला बोलवायचे. विरोधातल्या या पोराला मयतीला. खड्डा काढायला जेसीबी पाहिजे, सांगा राजूअण्णाला. दवाखान्यातून मढं सोडवायचंय, सांगा राजूअण्णाला. मत द्यायची वेळ आली की दुसराच आठवायचा. आणि आता तर तीही वेळ येईना. पंचायतीची निवडणूक लागेल, लागेल म्हणत पोराची दाढी कानापाशी पिकायला लागली होती.

"आम्ही बसवण्णाची माणसं, आम्हाला सूतकबितक काय न्हाई," असं निलम्मा चारचौघींत ठणकावून सांगायची. मग पाणी कामून तापवतीस, असं एखादीनं विचारलंच तर म्हणायची, "धूळ गं. फटफटीवर गावंच्या गावं हिंडतंय, सगळी धूळ माझ्या घरात आणतंय."

गाडी दारात थांबली. आधी आप्पाराव उतरला. तालुक्यात सत्तेतल्या पक्षाचं सगळं तोच बघायचा आणि सकाळी भालकीच्या सभेला तोच राजशेखरला घेऊन गेला होता. मागून राजशेखर उतरला. गळ्यात झेंडूचा जाड हार, त्याखाली नव्या पक्षाचं कोरं उपरणं.

"निलाक्का!" आप्पाराव लांबूनच ओरडला. "लेक सरकारात आला तुमचा! आरतीचं ताट कुठाय? बादली घेऊन कामून उभारल्यात?"

"ताट घासायला टाकलंय."

"घ्या! आमदारसायबांनी सोताच्या हातानं उपरणं घातलं, भर स्टेजवर. आता काय पाहिजे ते मागा. बोअर मागा, रस्ता मागा."

"रस्ता मसणवटीचा मागा," निलम्मा म्हणाली. "आज खांदेकरी उसाच्या बांधावरनं तोल सावरत गेले."

राजशेखर हार काढता काढता थांबला. "कोण गेलं, अव्वा?"

"तिप्पण्णा."

पहिल्या निवडणुकीला राजशेखरचा झेंडा खांद्यावर टाकून गावभर एकटा हिंडलेला म्हातारा. मागे धा माणसं असावीत तसा घोषणा देत हिंडलेला. पोरगं पडलं त्या संध्याकाळी येऊन "पुढच्या बारीला बघू" म्हणून चहा पिऊन गेलेला.

"तू गेलास अन घटकाभरानं त्याचा संगमेश आला दारात," निलम्मा म्हणाली. "फोन लावून लावून दमलं ते लेकरू. राजू आल्याबिगर उचलू नका म्हणून सांगून गेलाय म्हणं म्हातारा."

"फोन माझ्याजवळ नव्हता." राजशेखरनं आप्पारावकडं बघितलं.

"स्टेजवर फोन कुणी वाजू देतंय का, अक्का?" आप्पाराव म्हणाला. "माझ्याच खिशात होता, बंद करून."

"उन्हं उतरोस्तर म्हाताऱ्याला आपल्या रीतीनं बसवून ठेवला. भिंतीला टेकवून, इभूत लावून, असाच झेंडूचा हार घालून. हार सुकून गेला, तुझा पत्ता न्हाई. शेवटी मीच गेले. तुझ्या वाटची मूठभर माती मी टाकून आले."

बाहेर कुणीतरी फटाक्यांची दुसरी माळ लावायला घेतली. आप्पारावनं हात हलवून त्याला थांबवलं.

राजशेखरनं हार काढून कट्ट्यावर ठेवला आणि उंबऱ्याकडं निघाला. निलम्मानं पायानं बादली त्याच्या वाटेत सरकवली.

"अव्वा, मी गेलोच न्हाई मातीला."

"ठाव हाय मला."

"एसीच्या गाडीतनं आलोय. काचा सुदिक उघडल्या न्हाईत. धूळ कुठाय अंगावर?"

निलम्मानं तांब्या घेऊन पाण्यात बुडवला, किती कढत आहे ते बोटानं बघितलं, वरून थोडं गार पाणी घातलं.

तो तिच्या अगदी जवळ आला. आप्पारावला ऐकू जाऊ नये इतकं हळू बोलला. "तूच पाठ धरली होतीस न्हवं? ताटावर बसलं की तेच. लोकांची मढी उचलून म्हातारा व्हायलास, तिकडं जा, आमदाराच्या पाया पड, पण कायतर हो. कुणी म्हणलं हे? सांग ना. तूच ढकललंस न्हवं मला?"

"मीच," निलम्मा म्हणाली. "अन पाणीबी मीच तापवलंय. वाक."

तो तसाच उभा राहिला. कट्ट्यावरच्या हाराकडं त्याची नजर गेली, तिथून त्यानं ती लगेच काढून घेतली. मग वाकला.

"अक्का, उपरणं तरी काढू द्या की," आप्पाराव मागून कळवळून म्हणाला. "कोरं हाय ते!"

निलम्मानं पहिला तांब्या उपरण्यावरच ओतला.