वासाची नस

नागपूरच्या सांडपाणी परिषदेतल्या एका स्टॉलवर मृण्मयी ठोंबरेची नोकरीची मुलाखत दहा मिनिटांत आटोपली. "वासाची नस अजून बंद केलेली नाही ना?" प्रकल्पप्रमुख सदावर्त्यांनी विचारलं.

"नाही सर. नेमणूक झाली की करीन."

सदावर्त्यांची बंद होऊन बारा वर्षं झाली होती; त्याशिवाय प्रकल्पावर कुणाला घेतच नसत. ते जरा पुढे झुकले. "एक सांगाल? माझी मुलगी हल्ली जवळ येत नाही. माझ्या अंगाला वास येतो का?"

येत होता. सडक्या गाळाचा, कातडीत मुरलेला.

"नाही सर," मृण्मयी म्हणाली.

त्यांनी हसून नेमणूकपत्रावर सही केली. शेजारच्या स्टॉलवर नर्सनं तिच्या नाकपुडीत बारीक सुई घातली. पाच मिनिटांनी ती आभार मानायला परतली, तेव्हा सदावर्त्यांच्या अंगाला कसलाच वास नव्हता.