बदामाची सत्ती

नात अनुजाचा साखरपुडा झाला त्या वर्षी, म्हणजे गेल्याच वर्षी, सीताराम तिचं रविवारचं काम बघायला दादरच्या हॉलवर गेला. अनुजा पत्त्यांच्या स्पर्धेत जज होती.

शंभरेक पोरं समोरासमोर बसली होती. पत्त्यांवर राक्षस आणि ड्रॅगन. गंमत म्हणजे प्रत्येकाचा कॅट वेगळा.

"जज!" एक हात वर झाला.

अक्षता नावाच्या मुलीने दोन खेळ्यांपूर्वी एक पत्ता जास्त उचलला होता. समोरच्या विनीतच्या ते आत्ता लक्षात आलं. अनुजाने दोघांचं वेगवेगळं ऐकून घेतलं.

"खेळ फार पुढे गेलाय. मागे नाही नेता येणार. आहे तसा चालू ठेवा. अक्षता, तुला ताकीद. विनीत, तुलाही."

"मला कशाला? चूक तिची!"

"समोरच्याचा खेळ बघणं हे पण तुझंच काम आहे रे."

चहाच्या वेळी सीतारामने विचारलं, "मुद्दाम केलं असेल तर?"

"स्पर्धेबाहेर."

"आणि स्वतःच हात वर करून सांगितलं तर?"

"मग आम्ही जरा नरमतो. खरं बोलणाऱ्याला किती मारायचं?"

"आणि त्या विनीतने आधीच बघितलं असतं, पण गप्प बसला असता?"

"स्वतःच्या फायद्यासाठी? मग तो पण चीटर. तो पण बाहेर." अनुजा हसली. "काय आबा, लालबागच्या चाळीत कुणाला गंडवलंत?"

सीतारामने कप खाली ठेवला.

सन ऐंशीची धुळवड. सीताराम आणि कुशाबा, दोघे एकाच गावचे, एकाच गिरणीत. रजा नव्हती म्हणून शिमग्याला गावी गेले नव्हते. कुशाबाच्या खात्यात बदलीवर, म्हणजे दुसऱ्याच्या जागी, एक जागा निघाली होती आणि गावाहून दोघांचेही धाकटे भाऊ आलेले. सीतारामचा मनू, कुशाबाचा शामराव. जागा एक, पोरं दोन. भांडण नको म्हणून चटईवर मेंढीकोट मांडला. भाऊ-भाऊ भिडू. दश्शी म्हणजे मेंढी; ज्यांच्या आधी दहा मेंढ्या होतील त्यांचा धाकटा कामाला.

सगळ्यांचीच बोटं रंगलेली. पत्त्यांवर गुलाबी डाग पडत होते, कुशाबाची बायको गंगुवहिनी ओरडत होत्या, मनू खदखदून हसत होता. एकवीस वर्षांचा पोरगा. सीतारामच्या डोळ्यांपुढे तो कायम तेवढाच राहिला.

शेवटाला दोन्हीकडे नेमकी एकेक मेंढी कमी. शामरावने बदामाची दश्शी टाकली. सीतारामच्या हातात बदामाची सत्ती होती, म्हणजे बदामच टाकायला हवा होता. तरी त्याने हुकमाची तिर्री मारली, दश्शी ओढली, "जिंकलो!" म्हणून आरोळी ठोकली आणि उरलेले पत्ते कॅटमध्ये मिसळून टाकले.

"बदाम संपले कसे?" शामराव म्हणाला.

"गप रव रे," कुशाबा त्याच्यावर खेकसला. "हरलंव तां हरलंव."

तो विश्वास सीतारामला पंचेचाळीस वर्षं बोचत होता. दुसऱ्या दिवशी मनू कामाला लागला. शामराव गावी परतला, अजून तिथेच आंब्याची कलमं राखतो. मुंबई त्याला लाभलीच नाही. त्या महिन्यानंतर सीतारामने पत्त्याला हात लावला नव्हता.

हॉलवरून तो थेट प्रभादेवीला कुशाबाकडे गेला. गंगुबाईंनी दार उघडलं. "भावजी, आज वाट चुकलात?"

कुशाबा खिडकीशी बसला होता. ऐंशी जवळ आलेली, नजर मात्र अजून तीक्ष्ण.

सीतारामने बसल्या बसल्या शाळकरी पोरासारखा हात वर केला.

"काय रे शित्या?"

"कुशा, धुळवडीच्या त्या डावात माझ्याकडे बदाम होता. मी खोटा खेळलो. शामूच्या तोंडचा घास काढला. आता तू काय शिक्षा द्यायची ती दे."

कुशाबाने त्या वर केलेल्या हातावर नजर टाकली. मग हळूच म्हणाला, "सत्ती."

"आं?"

"बदामाची सत्ती. पाठीवर माझ्याच अंगठ्याचा गुलाबी डाग होता. तुझ्या हातात दिसत होती मला."

सीतारामचा हात खाली आला. "मग बोलला का नाहीस?"

"खेळायचं आधीच ठरलेलं. शामूला बोलावून घेतलेला. आणि आदल्या दुपारी जॉबरने, आमच्या मुकादमाने, मला त्या जागेची मशीन दाखवली." कुशाबा खिडकीबाहेर बघत होता. "पट्ट्यावर जाळी नव्हती, शित्या. आधीचा माणूस काम टाकून का गेला ते तेव्हा कळलं मला."

गंगुबाई चहा घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

मनू त्याच मशीनच्या पट्ट्यात सापडून गेला, तेरा मार्च एकोणीसशे ऐंशीला, कामाच्या अकराव्या दिवशी.