एक वाजला की सगळे

“एक वाजला की सगळे वाजणार ना?”

फिटर शिडीवर होता. धुराच्या अलार्मचा स्क्रू छतात नीट बसल्यावरच तो बोलला. “सगळे वाजणार, ताई. स्वयंपाकघर, हा पॅसेज, दोन्ही खोल्या आणि खालचं दुकान. पाच भाऊ समजा. एकाला चिमटा काढला की पाचही बोंबलतात.”

तिला हसू आलं नाही. शिडी घट्ट उभी होती, तरी तिनं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

खाली वडिलांचं सोफे दुरुस्तीचं दुकान होतं. फोमच्या थप्प्या, गोंदाचे डबे, कापडाचे गठ्ठे. वर हे दोघं, बाप-लेक, राहत. फोम पेटला तर जिना धुरानं भरायला फारसा वेळ लागत नाही, हे फिटरनं आल्या आल्या सहज सांगितलं होतं. तेव्हापासून ती वळून वळून जिन्याकडे पाहत होती.

“बाबा गॅसवर दूध ठेवतात आणि विसरतात,” ती आवाज खाली आणून म्हणाली. “मागे पातेलं जळून कोळसा झालं. परवा तर ओट्यावरचं फडकंच पेटलं. मी बाजारातून येते तर घरभर धूर, आणि हे बादली हातात घेऊन उभे. विचारलं तर म्हणतात, हो गं, माझ्याच लक्षात राहिलं नाही.”

“ऐकू येतंय बरं मला,” गॅलरीतून वडील म्हणाले. “कान शाबूत आहेत अजून.”

“आई गेल्यापासून असंच चाललंय. दादानं बजावलंय, पुन्हा काही झालं तर बाबांना सरळ वृद्धाश्रमात ठेवणार. जागासुद्धा बघून आलाय. अहो, उभा जन्म या दुकानात काढलेला माणूस, तिथे नेऊन बसवला तर...” तिनं वाक्य अर्धवटच सोडलं. “चहा घेणार?”

“चालेल. बिनसाखरेचा.”

ती आत गेली. मागोमाग वडील पाणी प्यायला उठले. बराच वेळ ते आतच होते.

चहा चांगलाच गोड होता. फिटरनं तो मुकाट्यानं संपवला.

स्वयंपाकघरात अलार्म बसवताना वडील शिडीपाशी येऊन उभे राहिले. “मिस्त्री, सरळ माझ्या टाळक्यावरच बसवा हा. म्हाताऱ्याचं डोकं तापलं की गाव जागं होईल.”

“बाबा, थट्टा नको.”

“बरं बाई, राहिलं.” मग त्यांनी फिटरला विचारलं, “पण मला सांगा, माणूस झोपेत असला तरी जाग येईल? अगदी गाढ झोपेत?”

“काका, शेजारचेसुद्धा शिव्या देत उठतील.”

“मग उत्तम.” हे मात्र ते थट्टेत म्हणाले नव्हते.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. “हो दादा, बसवतायत. नाही रे, तेव्हापासून काही नाही. मी बाबांना स्वयंपाकघरात एकटं सोडतच नाही. तू ते आश्रमाचं एवढ्यात पक्कं करू नकोस ना. माझ्यासाठी थांब थोडा.” फोन ठेवून तिनं पदरानं कपाळ पुसलं. “तुम्हाला चहा टाकू?”

“मघाशीच झाला की, ताई.”

“अगंबाई! जीवच थाऱ्यावर नाहीये माझा.”

“माझ्या अलार्मपेक्षा तुम्हीच जास्त सावध आहात,” फिटर म्हणाला. यावेळी ती थोडंसं हसली.

शेवटी राहिली चाचणी. फिटरची पद्धत ठरलेली होती. अलार्म घरातल्याच माणसाच्या हातून वाजवून घ्यायचा आणि आपण दूरच्या खोलीत दार लावून ऐकायचं. उद्या वेळ आली तर हात घरातल्यांचेच असतात.

“ताई, तुम्ही खाली जा. दुकानातल्या अलार्मचं मधलं बटण या काठीनं दाबायचं आणि धरून ठेवायचं. मी काकांच्या खोलीत थांबतो.”

“मधलं बटण. धरून ठेवायचं. आणि वर सगळे वाजतील.”

“सगळे.”

काठी घेऊन ती उतरली. खाली दुकानाचं दार करकरलं. फिटरनं खोलीचं दार लावून घेतलं. वडील पलंगाच्या कडेवर बसले. दोघांचीही नजर छताकडे होती.

काही वाजलं नाही.

“बटण सापडत नसेल,” फिटर म्हणाला.

वडील आपल्या गुडघ्यांकडे पाहत होते.

आणखी थोडा वेळ गेला. फिटर शिडीवर चढला, झाकण काढून पाहिलं. हिरवा दिवा लागलेला होता. खालच्या अलार्मशी जोडणी शाबूत होती. त्यानं वरचंच बटण दाबण्यासाठी हात उचलला, तसे वडील म्हणाले, “नको. दचकेल ती.”

फिटर दार उघडून जिन्याशी गेला आणि खाली वाकला. दुकानातल्या अलार्मच्या अगदी खाली ती जमिनीवर मांडी घालून बसली होती. कापडाचे तुकडे रंगांप्रमाणे लावत होती. काठी पलीकडे आडवी पडली होती. चेहऱ्यावर काळजीचा मागमूस नव्हता.

“ताई,” असं तो म्हणणार, तोच मागून वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर पडला.

“गॅसला मी हात लावत नाही, मिस्त्री,” ते हळूच म्हणाले. “कधीच लावला नाही.”

मग कठड्याला धरून ते पुढे झाले आणि खणखणीत आवाजात ओरडले, “चिमे, वर ये गं! वाजले, सगळेच्या सगळे वाजले!”