स्वखुशीने गेलेली गाडी

"चोरी झालेलीच नाही, घाटपांडे," विमा कंपनीच्या शिरोडकर बाई म्हणाल्या. "गाडी स्वखुशीने गेली, असं तीच सांगतेय. मग आम्ही भरपाई कशी देणार? भाड्याने तुम्ही घेतली होती, आता तिची किंमतही तुम्हीच भरायची."

हेमंत घाटपांड्यांना खुर्चीत धड बसवत नव्हतं. टेबलावरच्या फोनवर गाडी मिरजेहून बोलत होती.

"काय कमी केलं होतं गं तुला?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्याला तुम्ही सासऱ्यांच्या स्कूटरला हार घातलात. पाटावरच्या पान्यालासुद्धा कुंकू लावलंत. माझ्यापाशी आलात आणि म्हणालात, ही भाड्याची, हिला कशाला?"

"अगं, हार संपले होते!"

"ज्याच्याबरोबर मी आले, त्या माणसाने बाजारातून हार आणला. नारळ फोडला. मग बसू का, असं विचारलं. मी दार उघडलं."

"चोर आहे तो!"

"असेल. पण रीतभात आहे त्याला."

शिरोडकर बाईंनी हसू गिळलं. "एक मात्र आहे. किंमत भरलीत की कायद्याने गाडी तुमच्याच मालकीची."

घाटपांडे ताडकन उभे राहिले. "म्हणजे माझी गाडी त्याच्याकडे आहे! मग घ्या लिहून, माझी गाडी चोरीला गेली!"

"घेते की," असं म्हणून बाईंनी फोन जवळ ओढला. "फक्त तिला एकदा विचारते."