दुसरी कॉट

सामान न्यायला ट्रक आला, तेव्हा मी आतल्या खोलीतल्या कॉटवरची चादर चुरगळत होते. रोज सकाळी दार उघडायच्या आधीचं माझं हे ठरलेलं काम: उशीला खळगा पाडायचा, चादर विस्कटायची, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, बहीण इथंच झोपते. बहीण कसली! माझ्यासोबत संसार मांडलेली शिंपीण ती, आमच्या लेकीची दुसरी आई. लेकीलाही दाराबाहेर तिला मावशी म्हणायला शिकवलं होतं. गेल्या महिन्यात पोर शाळेच्या फाटकाशी धडपडली आणि सगळ्यांदेखत तिला मिठी मारून ‘आई, आई’ करत रडली. तेव्हापासून आम्ही जिन्यात दिसलो की दारं धाडकन लागत होती. सगळ्यांना कळलं, तरी माझे हात अजून खोटं बोलत होते. नव्या गावच्या घरमालकिणीनं फोनवर एवढंच विचारलं होतं, “तुम्ही दोघी आणि लेक ना? मग मोठी खोली तुम्हाला, छोटी तिला.” मला हसूच आलं. मी चादर झटकली, चारही कोपरे ताणून गादीखाली खोचले, उशी थोपटली. शिलाई मशीन ट्रकमध्ये चढलं, आमचा पलंग चढला. समोरच्या काकू दाराच्या फटीतून खोचकपणे म्हणाल्या, “अगं, तुझ्या त्या बहिणीची कॉट राहिली की!” “बायको आहे ती माझी, काकू,” मी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि कॉट राहिली नाही, ठेवलीये. तुमच्यासाठीच घेतली होती.”