विरजणाचा दाखला

"आप्पा, फोन ठेवा," उत्कर्षानं सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं.

काळ्या चष्म्याआडून सासऱ्यांनी मान डोलावली आणि फोन नाकापासून चार बोटांवर आणला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीनच दिवस झाले होते. सूज उतरत नव्हती. पंधरा दिवसांच्या आत डोळ्याला ताण दिलात तर तो हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आप्पासोंची सांगलीत हळदीची अडत. ती मुलाच्या हाती दिली आणि ते व्हॉट्सअ‍ॅपला चिकटले. तिकडे वाईजवळचे लालासाहेब, फौजेतून निवृत्त होऊन हळद पिकवणारे. वर्षातून एकदा सौद्याला भेट, बाकी रोज फोनवर भांडण. बाजारातले सौदे ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर चालावेत, आतलं सगळं कुणालाही बघता यावं, हा लालासाहेबांचा हेका. दुकानाची किल्ली गावभर वाटून धंदा होतो का, हे आप्पासोंचं उत्तर. परदेशातून येणाऱ्या हळदीवर जबर कर लावा, असं आप्पासो म्हणत. लावू नका, असं लालासाहेब.

"हल्ली लय घरगुती दाखले देतोय गडी," आप्पासो कुरकुरले आणि त्यांनी वाचून दाखवलं. भाकरी कशी थापायची हे शेजारणीला सांगितलं, म्हणून आपल्या परातीतलं पीठ कमी होत नाही. तिची साखर घ्यायची नाही म्हटलं, तर तिनं आपलं विरजण का न्यावं?

उत्कर्षाला विरजणाशी देणंघेणं नव्हतं. डोळ्यात थेंब घालायची वेळ केव्हाच टळली होती.

शेवटी अडतीच्या डायरीतून नंबर काढून, स्वयंपाकघरात जाऊन तिनं लालासाहेबांना फोन लावला. उचलला त्यांच्या बायकोनं, राहीबाईंनी. उत्कर्षानं साठलेला सगळा वैताग ओतला. इथं माणसाचा डोळा चाललाय, तुमच्या मालकांना पंधरा दिवस गप बसायला सांगा.

पलीकडे राहीबाईंनी घरघरणारा पंखा बंद केला.

"मालक श्रावणातच गेलं, बाई," राहीबाई म्हणाल्या. "तवापास्नं मीच लिवतीया. आप्पासोंस्नी सोसायचं न्हाई, म्हणून कळवलं न्हाई. तुमीबी सांगू नका. पंधरा दिस मी काय लिवत न्हाई."

उत्कर्षा बाहेर आली. थेंबांची बाटली उघडता उघडता, आवाज शक्य तितका सरळ ठेवून म्हणाली, लालासाहेब लेकीकडे गेलेत, पंधरा दिवस काही त्यांचं उत्तर यायचं नाही.

आप्पासोंनी निमूट थेंब घालून घेतले. मग मिटल्या डोळ्यांनी फोन तिच्यापुढं धरला.

"मी सांगतो, तू लिव."

"आप्पा, डोळ्यापेक्षा भांडण मोठं आहे का?"

"भांडणाचं काय न्हाई गं," ते म्हणाले. "पर आपण पंधरा दिस गप बसलो, तर राहीवैनींनी भांडायचं कुणाशी?"